पावसाळ्यात टेस्ला कॉइल: पाइप कुठला यापेक्षा तो किती सुका

टेस्ला कॉइल, म्हणजे हवेत ठिणग्या फेकणारा हाय व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर, करायला घेतला की पहिला वाद ज्यावर तार गुंडाळायची त्या पाइपवरून. पीव्हीसी बेकार, अ‍ॅक्रिलिकच पाहिजे वगैरे. मुंबईत जुलैमध्ये बिस्किटाचा पुडा तासभर उघडा राहिला तर नरम पडतो, आणि आपण मटेरियलच्या दशांशांवर भांडतोय. आधी ओलीचं बघा.

मटेरियलचं पटकन सांगतो. पीव्हीसीचा लॉस टँजंट (मटेरियल किती एनर्जी उष्णतेत घालवतं त्याचं माप) साधारण ०.०१ ते ०.०२, पॉलिइथिलीनचा ०.०००५ च्या आतबाहेर, म्हणजे कागदावर फरक मोठा आहे. पण सेकंडरीतली (पाइपवर गुंडाळलेली बारीक तारेची कॉइल) बरीचशी पॉवर तांब्याच्या रेझिस्टन्समध्ये जाते आणि कॉइल चालू झाली की स्पार्क स्वतःच एनर्जी खातो, त्यात पातळ पाइपचा वाटा किरकोळ असतो. म्हणून हार्डवेअरवाल्याकडचा ११० मिमीचा साधा पीव्हीसी पाइप बिनधास्त घ्या. काळा एचडीपीई (पॉलिइथिलीनचाच प्रकार) मात्र टाळा, त्यात कार्बन ब्लॅक, म्हणजे करंट वाहून नेऊ शकणारी काजळी, घातलेली असते. कापडाच्या ताग्यातला पुठ्ठ्याचा रोल फुकट मिळतो, पण तो पाणी पितो. लाकडाचंही तेच. टेस्लाने १८९९ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला लाकडी सांगाड्यावर कॉइल बांधल्या हे खरंय, पण ते गाव १८०० मीटर उंचीवर, हवा कोरडी, दादरला बसून त्याची नक्कल करू नका.

पीव्हीसी स्वतः पाणी जवळजवळ शोषत नाही, मग त्रास कसला? त्रास पृष्ठभागाचा. समुद्राकडची खारट धूळ पाइपवर बसते, ती ओल धरते आणि वरपासून खालपर्यंत बारीक कंडक्टिंग थर तयार होतो, कॉइलच्या दोन टोकांत हजारो व्होल्ट असताना. आधी क्यू (कॉइल किती कमी एनर्जी वाया घालवते त्याचा आकडा, जास्त तेवढा बरा) पडतो, स्पार्क आखूड होतात, मग ठिणग्या वाइंडिंगवरूनच पळायला लागतात आणि एकदा का जळकी काळी रेघ पडली की ती रेघच पुढचा रस्ता होते. पाइपच्या आतल्या बाजूलाही हेच होतं आणि तिकडे कोणी बघतच नाही.

तर आता काय करायचं. पाइप साबणाने आतून बाहेरून धुवा, सुकला की आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कंपनीची छापलेली अक्षरं पॉलिश पेपरने घासून काढा. मग पाइप उभा करून थोडा उचलून ठेवा आणि खाली ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा, गरम हवा आतून वर जात राहते, रात्रभर राहू द्या. पाइप हाताला सोसेल एवढाच गरम होऊ द्या, ७५-८० डिग्रीच्या आसपास पीव्हीसी मऊ पडतो. बल्ब पाइपला टेकता कामा नये. पुठ्ठाच वापरायचा हट्ट असेल तर हे सुकवणं दुप्पट करा आणि गरम असतानाच आतबाहेर वार्निश मारा, कारण ओल्या पुठ्ठ्यावर वार्निश मारलं तर ओल आत कोंडली जाते आणि ते न मारण्यापेक्षा वाईट.

वायर मुंबईत लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक बाजारात वजनावर मिळते. २८ गेज घेतली तर ४८ सेंटीमीटर लांबीत साधारण ११०० वेढे बसतात, ३८० मीटरच्या आसपास तार, चारशे ग्रॅमच्या थोडी आत. वायरचं टोक भोक पाडून पाइपच्या आत नेऊ नका, बाहेरच टेपने बांधा. वार्निशचे पातळ हात द्या, कॉइल फिरवत, प्रत्येक हात पूर्ण सुकवून. पावसात एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर नको, पॉलिशवाले उगाच कुरकुरत नाहीत, सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि थर पांढरट पडतो. पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मोटर वाइंडिंगवाल्यांचं वार्निश बरं. शेवटी आत भाजून सुकवलेल्या सिलिका जेलची पुडी टाका आणि दोन्ही टोकं प्लास्टिकच्या चकतीने बंद करा. चकतीत धातूचा स्क्रू नको.

आणि हे सगळं उपयोगी पडलं का हे डोळ्याने ठरवू नका, मोजा. सिग्नल जनरेटर कॉइलच्या खालच्या टोकाला जोडा, ऑसिलोस्कोपच्या प्रोबला वीतभर तार लावून फूटभर लांब ठेवा, फ्रिक्वेन्सी फिरवत पीक शोधा. वर सांगितलेल्या मापाची कॉइल टॉपलोडशिवाय (माथ्यावरचा धातूचा गोळा किंवा कडं न लावता) ३३० किलोहर्ट्झच्या आसपास रेझोनेट होते, म्हणजे पीक तिथे येतो. मग पीकच्या ०.७ पट उंचीला दोन्ही बाजूच्या फ्रिक्वेन्सी नोंदवा, त्यांच्यातल्या फरकाने मधल्या फ्रिक्वेन्सीला भागा, तो क्यू. ३३० किलोहर्ट्झला फरक १.६५ किलोहर्ट्झ असेल तर क्यू २००, चांगली कॉइल. हेच माप भर पावसात एकदा आणि हेअर ड्रायर फिरवून कॉइल थंड झाल्यावर एकदा घ्या. आकडा बराच चढला तर ओल होती, नाही चढला तर पाइपला शिव्या देणं बंद करा.

सुकवूनही ठिणग्या वाइंडिंगवर पळत असतील तर बहुतेक कपलिंग घट्ट आहे, म्हणजे सेकंडरी खालच्या जाड तारेच्या प्रायमरी कॉइलच्या फार जवळ आहे. सप्लाय बंद करा, प्लग काढा, टँक कपॅसिटर (प्रायमरीला जोडलेला, चार्ज साठवणारा) डिस्चार्ज करा (हे चुकलं तर जीव जातो, मस्करी नाही) आणि सेकंडरी प्रायमरीपासून एक-दोन सेंटीमीटर वर उचलून परत लावून बघा.