सामुदायिक रेडिओसाठी अँटेना निवडण्यापूर्वीची तयारी

सामुदायिक रेडिओ केंद्र उभारताना पुष्कळ संस्था आधी ट्रान्समीटरच्या वॅटची चौकशी करतात. परंतु वॅट दुप्पट केले तरी श्रोत्याकडे पोहोचणारा संकेत तीन डेसिबलनेच वाढतो (डेसिबल हे संकेताच्या वाढ-घटीचे माप). सपाट, मोकळ्या प्रदेशात अँटेनाची उंची दुप्पट केल्यास मात्र तो साधारण सहा डेसिबलने वाढतो. म्हणून अँटेनाच्या आधी जागा ठरवावी. भारतातील धोरणानुसार अँटेना जमिनीपासून किमान १५ आणि कमाल ३० मीटर उंच असावी लागते, तर प्रभावी प्रक्षेपित शक्ती (ईआरपी), म्हणजे केबलमधील घट आणि अँटेनाचा लाभ धरून प्रत्यक्ष बाहेर पडणारी शक्ती, सामान्यतः १०० वॅटपर्यंतच ठेवता येते. सह्याद्रीच्या पायथ्याशी नकाशावरचे पाच-सहा किलोमीटर फसवे असतात. मध्ये डोंगराची एक सोंड आली तरी पलीकडची वाडी प्रसारणाला मुकते. ज्या गावांसाठी केंद्र काढायचे आहे त्यांची नावे लिहून, समोच्चरेषांच्या नकाशावर मनोऱ्यापासून प्रत्येक गावापर्यंत रेषा ओढून पाहावी.

त्यानंतर श्रोता कशावर ऐकणार आहे, हे विचारून घ्यावे. मोबाइलवर एफएम ऐकताना इअरफोनची लोंबती वायरच अँटेनाचे काम करते आणि गाडीवरची अँटेनाही बहुधा उभीच असते. त्यामुळे छोट्या केंद्रासाठी उभ्या ध्रुवीकरणाचा, म्हणजे लहरी उभ्या प्रतलात सोडणारा, डायपोल (दोन सरळ दांड्यांची साधी अँटेना) मला सर्वांत योग्य वाटतो. वर्तुळाकार ध्रुवीकरणाची अँटेना आडव्या-उभ्या दोन्ही संचांना सोयीची असली, तरी तिच्यात शक्ती दोन प्रतलांत विभागली जाते.

हिशेब केबलसह करावा, कारण खरी गळती तिथेच होते. ५० वॅटचा ट्रान्समीटर आणि ४० मीटर केबल धरली, तर आरजी-२१३ या प्रकारच्या केबलमधून अँटेनापर्यंत जेमतेम २७ वॅट पोहोचतात, अर्ध्या इंची फोम केबलमधून सुमारे ४० वॅट. तीन डेसिबल लाभाची, म्हणजे शक्ती हव्या दिशेत एकवटून दुप्पट परिणाम देणारी, दोन डायपोलांची जोडणी लावल्यास पहिल्या केबलवर ईआरपी ५५ वॅटच्या आसपास राहते, दुसरीवर ८० वॅटच्या. सहा डेसिबल लाभाची अँटेना मात्र याच चांगल्या केबलवर १०० वॅटची मर्यादा सहज ओलांडेल. माहितीपत्रकातील लाभ डायपोलच्या तुलनेत आहे की समदिश (सर्व दिशांना सारखीच शक्ती सोडणाऱ्या काल्पनिक) अँटेनाच्या, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे, कारण दोहोंत २.१५ डेसिबलचा फरक असतो. अँटेना आपल्याच वारंवारतेसाठी जुळवलेली आहे का, तेही विचारावे, ९०.४ मेगाहर्ट्झवर अर्ध-तरंग डायपोलची लांबी सुमारे १.६ मीटर असते, १०७.८ वर ती १.३ मीटरच्या जवळ येते.

उभा डायपोल लोखंडी मनोऱ्याच्या बाजूला बसवला की मनोरा प्रसारणाचा आकार बिघडवतो. शक्यतो तो टोकावर बसवावा. ते जमत नसेल तर लांब आधारदांडा लावून महत्त्वाच्या गावांकडील बाजूस ठेवावा. मनोऱ्याचे अर्थिंग, वीज अटकाव यंत्र आणि केबलचे बाहेरील आवरण जमिनीशी जोडण्याची व्यवस्था यांची तरतूद अंदाजपत्रकात पहिल्यापासूनच असावी. कोकणात खाऱ्या हवेमुळे नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत आणि प्रत्येक जोडावर जलरोधक रबरी टेप गुंडाळावी.

शेवटी डमी लोड (चाचणीसाठी अँटेनाऐवजी जोडायचा, शक्ती जिरवणारा भार) आणि एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते हे दाखवणारे उपकरण) यांची सोय करावी. एसडब्ल्यूआर १.५ असेल तर सुमारे चार टक्के शक्ती परत येते, २ असेल तर अकरा टक्के. बसवणीच्या दिवशीचा आकडा नोंदवून ठेवावा आणि पहिला जोराचा पाऊस झाल्यावर पुन्हा मोजावा. तो वाढलेला दिसल्यास प्रसारण थांबवून आधी जोड उघडून पाहावेत.