पाच टेबलं, पाच नियम, बोलायला बंदी

परदेशी पाहुण्यांशी कसं वागावं याची यादी पाठ करून घेणं म्हणजे आंतरसांस्कृतिक संवादाचं प्रशिक्षण नव्हे. सांगलीतल्या एखाद्या वसतिगृहात जतकडचा कन्नड बोलणारा, पुण्याची पोरं आणि चेन्नईत वाढलेला खानापूरच्या गलाई (सोनं-चांदी गाळणाऱ्या) कारागिराचा मुलगा एकाच मजल्यावर असतात. सुरुवात तिथूनच करावी. त्यासाठी शिवसैलम थिआगराजन यांनी १९८० मध्ये रचलेला ‘बार्न्गा’ हा पत्त्यांचा खेळ उत्तम. वेळ ९० मिनिटं.

२० जण, पाच टेबलं, पत्त्यांचे पाच कॅट. प्रत्येक कॅटातून एक्का ते सत्ती एवढीच २८ पानं घ्या, म्हणजे चौघांना सात-सात येतात. उतारीच्या रंगाचं सगळ्यात मोठं पान हात करतं; तो रंग नसेल तरच हुकूम चालतो. नियमाचे कागद दिसायला सारखे, आतला मजकूर मात्र टेबलागणिक वेगळा:

१. एक्का मोठा, हुकूम नाही
२. एक्का लहान, हुकूम नाही
३. एक्का मोठा, बदाम हुकूम
४. एक्का लहान, बदाम हुकूम
५. एक्का मोठा, इस्पिक हुकूम

दहा मिनिटं बोलत सराव करू द्या. मग कागद काढून घ्या आणि बोलणं-लिहिणं बंद, खुणा चालतील. पाच-पाच मिनिटांचे पाच डाव. दर डावानंतर जास्त हात करणारा वरच्या क्रमांकाच्या टेबलावर, कमी करणारा खालच्या. पाचवरचा विजेता आणि एकवरचा हरलेला जागेवरच.

नियम वेगळे आहेत, हे आधी फुटलं की खेळ संपला. गंमत एक्क्यावर होते: घरी मेंढीकोट खेळलेल्यांच्या हाडात ‘एक्का मोठा’ मुरलेला असतो. मधल्या टेबलांवर दोन जुने, दोन नवे, म्हणून ओढाताण लांबते. कडेच्या टेबलांवर तिघांपुढे एकटा नवा; तो बहुधा गप्प बसून हात सोडून देतो. त्याच्याकडे लक्ष ठेवा.

उरलेला वेळ, किमान ४० मिनिटं, चर्चेला. इथेच बहुतेक जण घाई करतात आणि मग तो नुसता पत्त्यांचा तास होतो. ‘काय शिकलात?’ विचारलं की भाषणं ऐकावी लागतात. ‘समोरच्याबद्दल मनात काय आलं?’ विचारा. ‘चीटिंग करतोय’, ‘ह्याला खेळताच येत नाही’ ही उत्तरं जशीच्या तशी फळ्यावर लिहा.

मग तीन रकाने आखा: दिसलं-ऐकलं, अर्थ लावला, मत बनवलं. उदाहरण इथलंच. मुलगी म्हणाली, ‘मी जातो.’ पुण्याच्या मुलानं अर्थ लावला, ‘चुकून पुल्लिंगी बोलली.’ मत बनवलं, ‘हिला धड मराठी येत नाही.’ कोल्हापूर-सांगलीकडच्या बोलीत बायका असंच बोलतात, हे कळलं की दुसरा रकाना बदलतो आणि तिसरा आपोआप पुसला जातो. पहिल्या रकान्यात ‘उद्धट’, ‘विचित्र’ असे शब्द आले तर खोडायला लावा.

जतच्या मुलाला मात्र ‘तुमच्यात काय असतं ते सांग’ म्हणून उभं करू नका. तो एकटा अख्ख्या कन्नड मुलखाचा वकील होतो, आणि पुढच्या सत्राला येत नाही.