बदल आत्ता कुठे आहे? गिटमध्ये मागे फिरायला शिकताना

पहिल्या नोकरीत दीड महिना झाला होता. तीन फाइलींवर चार दिवस काम चाललं होतं आणि त्या चार दिवसांत मी गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) एकदाही कमिट, म्हणजे कामाची पक्की नोंद, केलं नव्हतं. काम अर्धवट होतं, आणि अर्धवट काम कमिट करायचं नसतं अशी माझी समजूत. संध्याकाळी त्यातल्या एका फाइलमधला प्रयोग फसला. तेवढाच मागे घ्यायचा होता. इंटरनेटवर शोधलं, पहिल्याच उत्तरात एक कमांड दिसली, ती चिकटवली आणि एंटर दाबलं:

गिट रिसेट --हार्ड

(कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. टर्मिनलमध्ये अर्थातच त्या रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांत टाइप करायच्या.)

टर्मिनलने शांतपणे एक ओळ छापली. 'हेड इज नाऊ ॲट' (हेड म्हणजे आपण आत्ता ज्या कमिटवर उभे आहोत तो), पुढे हॅशची, म्हणजे कमिटच्या ओळखखुणेची, पहिली सात अक्षरं आणि त्या कमिटचा मेसेज. तो मेसेज मी चार दिवसांपूर्वी लिहिलेला होता. वाचला आणि पोटात गोळा आला.

शेजारच्या सीनिअरने माझा चेहरा पाहून खुर्ची वळवली. काय झालं ते ऐकून तो रागावला नाही की हसला नाही. एवढंच म्हणाला, "गिट ॲड केलं होतंस का?"

"दुपारी केलं होतं. दोन फाइलींचं. तिसरी राहिली होती."

"मग दोन मिळतील. तिसरी विसर."

तो काय म्हणतोय ते मला तेव्हा कळलं नाही. मी तर काहीच कमिट केलं नव्हतं, मग दोन फाइली कुठून मिळणार? खरं असं आहे की गिट ॲड म्हणताक्षणी गिट त्या फाइलीतला मजकूर उचलून स्वतःच्या .गिट फोल्डरमध्ये ठेवून देतं. त्या मजकुरावरून काढलेला ४० अक्षरांचा हॅश हीच त्या प्रतीची ओळख. या प्रतीला ब्लॉब म्हणतात. रिसेट --हार्डने फाइल जुनी झाली, स्टेजिंगमधली (पुढच्या कमिटसाठी ॲड करून ठेवलेल्या बदलांमधली) नोंदही पुसली गेली, पण ब्लॉब तिथेच पडून राहिला. त्याच्याकडे बोट दाखवणारं कुणी उरलं नाही, इतकंच.

असे बेवारस ब्लॉब शोधायची कमांड त्याने मला टाइप करायला लावली:

गिट एफएससीके --लॉस्ट-फाउंड

स्क्रीनवर 'डँगलिंग ब्लॉब' अशा अकरा ओळी आल्या आणि .गिटमधल्या लॉस्ट-फाउंड फोल्डरच्या आत, 'अदर' नावाच्या फोल्डरमध्ये अकरा फाइली तयार झाल्या. फाइलींची मूळ नावं गेलेली, नावाच्या जागी नुसते हॅश. मी माझ्या एका फंक्शनचं नाव ग्रेपने (फाइलींतला मजकूर शोधायची कमांड) शोधलं, तर ते चार ठिकाणी सापडलं. चार दिवसांत वेगवेगळ्या वेळी ॲड केलेल्या एकाच फाइलीच्या त्या आवृत्त्या होत्या. सगळ्यात नवी निवडायला अर्धा तास गेला. दुपारच्या ॲडनंतर संध्याकाळपर्यंत जे लिहिलं होतं, ते त्यात नव्हतं. तिसरी फाइल गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिली. काही एडिटर फाइलींची स्वतःची लोकल हिस्टरी ठेवतात, त्यात कदाचित ती सापडलीही असती. हे मला फार नंतर कळलं. तुमचा एडिटर ठेवतो का, ते आजच बघून घ्या.

त्या संध्याकाळपासून काही मागे घ्यायचं असलं की मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: हा बदल आत्ता कुठे आहे? फाइलीत नुसता लिहिला आहे, की स्टेज झाला आहे, की माझ्या मशीनवर कमिट झाला आहे, की पुश होऊन सगळ्यांकडे गेला आहे? नवख्या माणसाची पंचाईत होते ती इथेच. आपल्या डोक्यात 'अनडू' हा एकच शब्द असतो आणि गिटमध्ये त्याची चार उत्तरं असतात. आपण उत्तर पाठ करतो आणि प्रश्न विचारायचा राहून जातो. गिट स्टेटस टाकलं की पहिल्या दोन जागांचं उत्तर समोर येतं, शिवाय कंसात पुढची कमांडही सुचवलेली असते. मी वर्षभर तो कंस वाचलाच नव्हता.

बदल फक्त फाइलीत असेल, ॲड केलेला नसेल, तर:

गिट रिस्टोअर फाइलीचं-नाव

जुन्या उत्तरांमध्ये याच कामासाठी 'गिट चेकआउट -- फाइलीचं-नाव' सापडेल. तेही चालतं. लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी लिहिलं; रिस्टोअर आणि स्विच या कमांड मात्र ऑगस्ट २०१९ मध्ये, २.२३ आवृत्तीत आल्या. मधली चौदा वर्षं ब्रँच (कामाची वेगळी वाट) बदलणं आणि फाइल जुनी करणं ही दोन्ही कामं एकट्या चेकआउटच्या गळ्यात होती. नव्याने शिकणाऱ्याने चेकआउटच्या वाटेला न गेलेलं बरं, असं माझं मत. रिस्टोअर म्हटलं की निदान आपण काय करतोय ते नावातच आहे.

रिस्टोअरबद्दल दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक, ती विचारत नाही. 'नक्की का?' असा प्रश्न नाही, फाइल सरळ बदलते, आणि ॲड न केलेल्या मजकुराची गिटकडे कुठेही प्रत नसते. म्हणून आधी गिट डिफ (काय काय बदललं ते) बघायचा. दोन, ती फाइल शेवटच्या कमिटवर नेत नाही, स्टेजिंगमधल्या प्रतीवर नेते. सकाळी ॲड केलं, नंतर आणखी लिहिलं आणि मग रिस्टोअर केलं, तर तुम्ही सकाळच्या ॲडवर पोचता. मी यावर एकदा बराच वेळ डोकं आपटलं होतं, 'रिस्टोअर केलं तरी बदल जात का नाहीत' म्हणून. थेट शेवटच्या कमिटची प्रत हवी असेल तर '--सोर्स=हेड' जोडायचं. आणि फाइलीतला एखादाच तुकडा मागे घ्यायचा असेल तर '-पी' जोडायचं. गिट एकेक तुकडा दाखवून विचारतं, आपण वाय किंवा एन दाबायचं. माझा त्या संध्याकाळचा फसलेला प्रयोग एवढ्यानेच निघाला असता.

चुकून ॲड झालं असेल तर 'गिट रिस्टोअर --स्टेज्ड फाइलीचं-नाव'. फाइलीतल्या मजकुराला धक्का लागत नाही, फक्त ती स्टेजमधून खाली उतरते.

आता कमिट झाला आहे, पण पुश केलेला नाही. मेसेजमध्ये चूक आहे किंवा एखादी फाइल राहिली, तर राहिलेली फाइल ॲड करून 'गिट कमिट --अमेंड'. जुना कमिट दुरुस्त होतो असं वाटतं, पण तसं होत नाही. त्याच्या जागी नव्या हॅशचा नवा कमिट बसतो. कमिटच नको असेल तर रिसेट, आणि तिचे तीन अवतार. 'गिट रिसेट --सॉफ्ट हेड~१' (हेड~१ म्हणजे एक कमिट मागे) कमिट उलगडते, पण सगळे बदल स्टेजवर तसेच ठेवते. काहीच पर्याय दिला नाही तर '--मिक्स्ड' धरलं जातं; बदल फाइलीत राहतात, स्टेजवरून उतरतात. आणि '--हार्ड' तिन्ही ठिकाणची पाटी कोरी करते. मी दहापैकी नऊ वेळा सॉफ्ट वापरते. हार्ड वापरायची वेळ आलीच तर आधी गिट स्टॅश करून बदल बाजूला ठेवते. दोन दिवसांनी नकोच वाटले तर तो स्टॅश टाकून देता येतो. आपण अजून ॲडच न केलेल्या नव्या फाइली स्टॅशमध्ये आपोआप जात नाहीत, त्यासाठी '-यू' लागतं.

हार्ड रिसेटने कमिट केलेलं काम उडवलं असेल, तर ती मात्र घाबरायची गोष्ट नाही. गिट रिफ्लॉग टाका. हेड कुठून कुठे गेलं याची ती रोजनिशी असते: कमिट, रिसेट, ब्रँच बदलणं, सगळं ओळीने. हवी ती ओळ शोधायची, तिथला हॅश घ्यायचा आणि 'गिट ब्रँच वाचवलेलं हॅश' असं म्हणून त्या कमिटला एक नाव देऊन टाकायचं. अशी ब्रँच केली की तो कमिट बेवारस राहत नाही. या नोंदी साधारण ९० दिवस राहतात. कुठल्याही ब्रँचवरून पोचता न येणाऱ्या कमिटच्या नोंदी ३० दिवस. ही रोजनिशी फक्त तुमच्या मशीनवर असते. फोल्डर उडवून रेपो (प्रकल्पाच्या फाइली आणि त्यांचा गिटमधला इतिहास) नव्याने क्लोन केला, म्हणजे सर्व्हरवरून पुन्हा उतरवला, तर ती गेली. काही बिघडलं की 'पुन्हा क्लोन कर' हा सल्ला देणारे भेटतील. तो ऐकण्याआधी जुन्या फोल्डरचं नुसतं नाव बदला, उडवू नका.

पुश झाल्यावर सगळं बदलतं, कारण आता तो इतिहास तुमच्या एकटीचा राहिलेला नाही. इथे रिव्हर्ट वापरायची. गिट रिव्हर्ट आणि पुढे हॅश: त्या कमिटच्या बरोबर उलटे बदल करणारा नवा कमिट तयार होतो, जुना जागेवर राहतो. सबव्हर्जनवरून (अशाच कामाचं जुनं साधन) येणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण तिथली रिव्हर्ट फाइलीतले न नोंदवलेले बदल पुसते, म्हणजे गिटमधल्या रिस्टोअरचं काम करते. शब्द तोच, अर्थ वेगळा.

मर्ज (एका ब्रँचचं काम दुसरीत मिसळणं) रिव्हर्ट करताना मी आपटले होते, ते जरा सविस्तर सांगते. एका ब्रँचचं काम मुख्य ब्रँचमध्ये मर्ज झालं, त्यात दोष निघाला, म्हणून आम्ही तो मर्ज '-एम १' देऊन रिव्हर्ट केला. मर्जला दोन पालक असतात, त्यातली मुख्य वाट कोणती ते या आकड्याने सांगावं लागतं. इथवर ठीक. मग त्याच ब्रँचवर दोष दुरुस्त केला आणि पुन्हा मर्ज केली. दुरुस्तीची चार ओळींची फाइल तेवढी आली, मूळ काम आलंच नाही! गिटच्या हिशेबी ते जुने कमिट आधीच मर्ज झालेले होते आणि नंतर आपणच ते बदल उलटवले होते. मग ते पुन्हा कशाला आणायचे? गिटचं बरोबरच होतं. उपाय ऐकायला विनोदी आहे पण तोच आहे: आधी त्या रिव्हर्टलाच रिव्हर्ट करायचं, मग मर्ज.

पुश झालेला कमिट रिसेट करून जबरदस्तीने पुश करावा का? ब्रँच फक्त तुमची असेल तर करा, पण '--फोर्स' ऐवजी '--फोर्स-विथ-लीज' वापरा. दरम्यान कुणी त्या ब्रँचवर काही पुश केलं असेल आणि तुम्ही ते अजून फेच केलं (आपल्या मशीनवर आणलं) नसेल, तर ती अडवते. सामाईक ब्रँचवर मात्र नको. आणि पासवर्ड किंवा एखादी गुप्त किल्ली चुकून पुश झाली असेल तर गिटच्या मागे लागण्याआधी तो पासवर्डच बदला. इतिहास नंतर साफ करता येतो, पण कुणी तेवढ्यात वाचला असेल तर तो परत आणता येत नाही.

राहता राहिली गिट क्लीन. गिटला माहीतच नसलेल्या फाइली ती डिस्कवरून काढून टाकते, आणि यात ना रिफ्लॉग कामाला येतो ना एफएससीके. '-एन' लावून आधी काय काय उडेल ती यादी बघायची, मगच '-एफ'. '-एक्स' तर दुर्लक्षित केलेल्या फाइलीही उचलते, म्हणजे तुमच्या मशीनपुरती असलेली .ईएनव्ही ही सेटिंगची फाइलही त्यात आली. ती नव्याने भरायला माझी एक अख्खी दुपार गेली आहे.

हे सगळं वाचून लक्षात राहत नाही, हात बसावा लागतो. मी नव्या सहकाऱ्यांना एक रिकामा फोल्डर करायला लावते, त्यात गिट इनिट (नवा रेपो सुरू करायची कमांड), एक तीन ओळींची फाइल, दोन-तीन कमिट. मग मुद्दाम वाट्टेल ते बिघडवायचं: कमिट हार्ड रिसेटने उडवून रिफ्लॉगमधून आणायचा, ॲड केलेली फाइल घालवून एफएससीकेने शोधायची, ॲड करून वर आणखी लिहून मग रिस्टोअर करायचं आणि काय परत आलं ते बघायचं. प्रत्येक पावलाआधी आणि नंतर गिट स्टेटस. तासाभराचं काम आहे. झालं की फोल्डर उडवून टाका, पण उडवण्याआधी आपण नक्की कुठल्या फोल्डरमध्ये उभे आहोत ते पीडब्ल्यूडी टाकून बघा. फोल्डर उडवणाऱ्या आरएम -आरएफ कमांडपुढे गिटचं काही चालत नाही, .गिट फोल्डरही त्याच झाडूत जातो.