धूर नेमका कुठे अडकतो? आपल्या रस्त्याची हवा कशी वाचायची

दोन रस्त्यांवरची वाहनं सारखीच असली, तरी एकावरची हवा दुसऱ्यापेक्षा कितीतरी वाईट असू शकते. धूर किती निघतो याइतकंच तो किती लवकर बाहेर पडतो यालाही महत्त्व आहे, आणि ते बऱ्याच अंशी इमारतींच्या मांडणीवर ठरतं. हे ओळखायला सुरुवातीला मोजपट्टी, होकायंत्र आणि थोडी हलकी रिबीन पुरते.

आधी रुंदी मोजा. समोरासमोरच्या भिंतींमधलं पूर्ण अंतर घ्यायचं, फूटपाथ आणि पुढची मोकळी जागा धरून. नुसत्या डांबराची रुंदी घेतली की हिशेब चुकतो. उंचीसाठी मजले मोजा आणि निवासी इमारतीत मजल्याला ३ मीटर धरा. मग उंचीला रुंदीने भागा.

टिम ओक या हवामानशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये केलेली विभागणी इथे उपयोगी पडते. वारा रस्त्याला आडवा असताना गुणोत्तर साधारण ०.३ पेक्षा कमी असेल, तर वारा इमारत ओलांडून पुन्हा रस्त्यावर उतरतो. ०.३ ते ०.७ या टप्प्यात एका इमारतीमागची खळबळ समोरच्या इमारतीला जाऊन भिडते. ०.७ च्या वर मात्र वारा गच्च्यांवरून निघून जातो आणि खाली एक भोवरा फिरत राहतो. १२ मीटर रुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंना सहा मजली इमारती असतील, तर गुणोत्तर १.५ येतं, म्हणजे अडचणीचंच. २ च्या आसपास गेल्यावर एकाखाली एक असे दोन भोवरे तयार होऊ शकतात. त्यातला खालचा मंद असतो आणि धूर नेमका त्यातच निघतो.

आता वाऱ्याची दिशा. हवामान खातं वारा जिकडून येतो ती दिशा सांगतं, जिकडे जातो ती नव्हे. वारा आणि रस्ता यांच्यातला कोन ३० अंशांच्या आत असेल, तर रस्ता लांबीच्या दिशेने बऱ्यापैकी साफ होतो. काटकोनाच्या जवळ असेल, तर पुढची गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो.

रस्ता उत्तर-दक्षिण आहे आणि वारा पश्चिमेकडून येतोय असं धरा. धूर पूर्वेच्या फूटपाथवर जाईल असं वाटतं. प्रत्यक्षात गच्च्यांवरून आलेला वारा पूर्वेच्या इमारतीला आपटून खाली उतरतो, जमिनीलगत उलटा पश्चिमेकडे वाहतो, वाटेत वाहनांचा धूर उचलतो आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून वर चढतो. म्हणून जास्त धूर पश्चिमेच्या फूटपाथवर आणि त्या बाजूच्या खालच्या मजल्यांवर. शाळेचं फाटक किंवा बसथांबा कोणत्या बाजूला ठेवायचा, हे यावरून ठरवायला हवं.

खात्री करायची तर ३० सेंटिमीटर रिबीन काठीला बांधून दोन्ही फूटपाथवर दीड-दोन मीटर उंचीवर लावा, आणि एक गच्चीवर कठड्याच्या बरीच वर. वाहनं कमी असताना पाहा. जवळून बस गेली की रिबीन बसचाच वारा दाखवते. गच्चीवर वारा सेकंदाला दीड-दोन मीटरपेक्षा मंद असेल, तर भोवरा नीट बनतच नाही. त्या दिवसावरून निष्कर्ष काढू नका.

मापन करायचं तर पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) च्या आकड्यावर विसंबू नका. त्यातला मोठा वाटा लांबून आलेला असतो, त्यामुळे दोन फूटपाथांमधला फरक बारीक दिसतो आणि ‘सगळीकडे सारखंच’ असा चुकीचा समज होतो. वाहनांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड वायू मोजणाऱ्या छोट्या नळ्या दोन ते चार आठवडे दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर, पानांपासून आणि भिंतीच्या खोबणीपासून दूर टांगल्या, तर फरक स्पष्ट कळतो. स्वस्त सेन्सरच वापरणार असाल, तर आधी दोन्ही एक-दोन दिवस शेजारी ठेवून त्यांचे आकडे जुळतात का ते बघा. दमट हवेत ते जास्त आकडा दाखवतात.

झाडांबाबत सावध राहा. अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या फांद्या वर एकमेकींत मिसळल्या, तर सावली मिळते, पण धुरावर झाकण बसतं. तिथे विरळ पर्णसंभाराची, अंतर राखून लावलेली झाडं बरी. मोकळ्या, रुंद रस्त्यावर वाहनं आणि फूटपाथ यांच्यामध्ये दाट कुंपणझुडपं मात्र खरोखर उपयोगी पडतात.

नवी इमारत होणार असेल, तर आराखड्यात सलग भिंत शोधा. हाँगकाँगमध्ये २००३ च्या सार्स साथीनंतर मोठ्या सरकारी प्रकल्पांसाठी वायुवीजनाची तपासणी सुरू झाली, आणि तिथेही भर इमारतींमध्ये फटी ठेवण्यावर आहे. वाऱ्याच्या दिशेने फट असावी, खांबांवरचा तळमजला भिंती घालून बंद करू नये, आणि शक्यतो वाऱ्याकडची इमारत बुटकी व पलीकडची उंच असावी; उंच भिंत वारा खाली वळवते. क्रम उलटा झाला, तर उंच इमारतीच्या आडोशाला धूर रेंगाळतो.

घरात ताजी हवा घेणारा पंखा रस्त्याच्या बाजूला खालच्या मजल्यावर बसवू नका. वर किंवा मागच्या बाजूला घ्या. मात्र मागची बाजू म्हणजे चारी बाजूंनी बंद डक्ट असेल आणि त्यात स्वयंपाकघरांचे एक्झॉस्ट किंवा जनरेटरचा धूर सुटत असेल, तर रस्त्याकडचीच वरच्या मजल्याची खिडकी त्यापेक्षा चांगली.