घरातली हवा मोजायची आहे? आधी घर मिळवा

पर्यावरणशास्त्र किंवा रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणारी मुलं घरातल्या हवेतल्या रसायनांच्या वाफा मोजायच्या प्रोजेक्टचं विचारायला येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला: जीसी-एमएस (मिश्रणातलं एकेक द्रव्य वेगळं करून ओळखणारं मशीन) कुठं मिळेल? मशीन मिळतं हो. घर मिळत नाही. कोल्हापुरात अनोळखी पोराला चहा हमखास मिळेल, पण नमुन्यासाठी हवा ओढत रात्रभर घरघरणारा पंप कोण ठेवू देईल? जवाहरनगरात एका मावशींनी मला सरळ विचारलं, "वास तर काय येत न्हाई, मग मोजतोयस काय?"

प्रश्न बिनतोड होता. पेट्रोलमधलं बेंझिन हे कर्करोगकारक द्रव्य नाकाला कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० साली घरातल्या हवेसाठी मार्गदर्शक पातळ्या दिल्या, त्यात बेंझिनची सुरक्षित अशी पातळीच नाही. आपल्या २००९ च्या राष्ट्रीय मानकात वार्षिक सरासरी ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, पण ती बाहेरच्या हवेची. एका दिवसाचा घरातला नमुना तिच्याशेजारी ठेवून 'मर्यादा ओलांडली' असं लिहिलंत, तर परीक्षक सोडणार नाहीत, आणि सोडूही नये.

नमुना घ्यायच्या पद्धती दोन-तीन आहेत. एक म्हणजे पंपानं हवा कोळशाच्या नळीतून ओढायची, वाफा कोळशात अडकतात. या नळीत पुढं १०० आणि मागं ५० मिलीग्रॅमचा थर असतो. मागच्या थरात पुढच्याच्या दहा टक्क्यांहून जास्त सापडलं, तर नळी भरून वाहिली असं समजायचं आणि तो नमुना बाद करायचा. पावसाळ्यात, म्हणजे आपल्याकडं जून ते सप्टेंबर, ओल कोळशातली जागा खाते, म्हणून हे लवकर घडतं. पुढं कार्बन डायसल्फाइडनं द्रव्यं सोडवून घ्यायची. ते विषारी आहे, चटकन पेटतं, आणि साध्या बाटलीत स्वतःच थोडं बेंझिन असतं! म्हणून कमी बेंझिनवालं मागवा आणि ब्लँक (हवा न ओढलेली कोरी नळी) लावल्याशिवाय एकही आकडा मानू नका. टेनॅक्स या वाफा शोषणाऱ्या पावडरची नळी तापवून थेट मशीनला देतात. घरातल्या कमी पातळ्यांना तीच बरी, पण नमुना एकदाच वापरता येतो. नवख्यानं मात्र पंपाविना चालणाऱ्या पॅसिव्ह सॅम्पलरपासून सुरुवात करावी, असं माझं मत. आवाज नाही, वीज नाही, आठवडाभर टांगून ठेवता येतो. सरासरीत एका दिवसाच्या रंगकामाचा उसळलेला आकडा बुडून जातो, एवढं लक्षात ठेवा.

हातात धरायचं पीआयडी (अतिनील प्रकाशानं वाफा हेरणारं) मीटर एकूण वाफांचा अंदाज देतं, कुठलं द्रव्य ते सांगत नाही. त्यावर प्रबंध उभा करू नका.

खरी मेहनत नोंदवहीची. सोप्यात रात्री मोटारसायकल लावतात का? बऱ्याच घरांत लावतात, आणि पेट्रोलच्या वाफेतून बेंझिन, टोल्युइन, झायलिन आत येतं. कपाटात डांबरगोळ्या आहेत का? नॅप्थॅलीन तिथलं. घरात चपलांचं काम चालत असेल तर 'सोल्यूशन'चा डबा कधी उघडला, गणपतीच्या आधी थिनर घालून भिंत रंगवली का, खिडक्या किती वेळ उघड्या होत्या, हे वेळेसकट लिहा. ही वही नसेल तर क्रोमॅटोग्रामवरचं, म्हणजे मशीननं काढलेल्या आलेखावरचं, टोल्युइनचं शिखर नुसतंच शिखर. लोक लगेच सांगत नाहीत. "काय न्हाई, नेहमीसारखंच" हे उत्तर मिळालं की स्वतः घरभर नजर फिरवायची. सॅम्पलर भिंतीपासून मीटरभर दूर, बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर. नळीवर मार्करनं नंबर टाकू नका, त्यातही सॉल्व्हंट असतं. पेन्सिल आणि कागदी पट्टी पुरे. नमुने घेऊन जाताना वाटेत पेट्रोल भरायलाही थांबू नका.

नोकरीचं म्हणाल, तर 'घरातली हवा' असं नाव लावून जागा निघत नाहीत. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळा आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांसाठी कामाच्या जागची हवा तपासणाऱ्या संस्था याच हाताला काम देतात. मुलाखतीत मशीनचं मॉडेल फारसं विचारत नाहीत. पंपाचा प्रवाह आधी आणि नंतर तपासलात का, फील्ड ब्लँक (घरात नेऊन हवा न ओढता परत आणलेल्या नळ्या) किती घेतलेत, हे विचारतात.