विशिष्ट उष्माधारकतेच्या प्रात्यक्षिकाआधी

वस्तुमान, विशिष्ट उष्माधारकता (1 ग्रॅम पदार्थाचे तापमान 1 अंशाने वाढवायला लागणारी उष्णता) आणि तापमानातील फरक यांचा गुणाकार म्हणजे उष्णता, हे सूत्र अकरावीच्या विद्यार्थ्याला पाठ असतेच. फसगत होते ती तापमानाच्या फरकात, म्हणून तयारीचा बराचसा वेळ त्यालाच द्यावा.

आदल्या दिवशी जर्नलमध्ये पाणी 4.18, अ‍ॅल्युमिनिअम 0.90, लोखंड 0.45 आणि तांबे 0.385 ही मूल्ये जूल प्रति ग्रॅम प्रति अंश सेल्सिअस या एककासह उतरवून घ्यावीत. तापमानाच्या फरकात 273 मिळवू नयेत. तो केल्व्हिनमध्येही तेवढाच राहतो.

प्रयोगशाळेत शिरण्यापूर्वी अपेक्षित उत्तर कागदावर काढलेले असावे. 100 अंशांचे 50 ग्रॅम तांबे, 28.5 अंशांचे 100 ग्रॅम पाणी आणि 60 ग्रॅमचा तांब्याचा कॅलरीमापी (ज्यात मिश्रण करतात ते भांडे) घेऊन तांबे पाण्यात टाकले, तर मिश्रण जेमतेम 31.5 अंशांवर पोहोचते. वाढ अवघ्या 3 अंशांची असल्याने अर्ध्या अंशाची चूक तांब्याच्या विशिष्ट उष्माधारकतेचे उत्तर एक षष्ठांशाने बिघडवते. तेव्हा शक्य असल्यास दशांश अंश दाखवणारा तापमापी मागून घ्यावा. कॅलरीमापी कोरडा असतानाच तोलावा, कारण त्याने घेतलेली उष्णता हिशेबात धरली नाही तर उत्तर सुमारे पाच टक्क्यांनी कमी येते. (कॅलरीमापीऐवजी वापरायला थर्माकोलचे पेले बाजारात शोधू नयेत, महाराष्ट्रात 2018 पासून त्यांवर बंदी आहे.)

मुंबई समुद्रकाठी असल्याने उकळते पाणी 100 अंशांचे धरता येते, पुण्यात ते सुमारे 98 अंशांनाच उकळते. तांब्याचे तुकडे मात्र थेट त्या पाण्यात टाकू नयेत. ते कोरड्या परीक्षानळीत घालून नळी उकळत्या पाण्यात किमान दहा मिनिटे ठेवावी. तुकड्यांना चिकटून आलेले 1 ग्रॅम पाणी जवळजवळ 11 ग्रॅम तांब्याइतकी उष्णता बाळगते, हे येथे विसरून चालत नाही.

गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी कोमट येते, म्हणून सकाळीच भरून ठेवलेले पाणी वापरावे आणि ते खोलीपेक्षा दीड अंशाने थंड असावे, म्हणजे आधी आत आलेली आणि नंतर बाहेर गेलेली उष्णता साधारण सारखी होते. पावसाळ्यात बर्फाचे पाणी टाळावे, कारण मुंबईच्या दमट हवेतील बाष्प भांड्यावर जमते आणि जमताना उष्णता देते. पंखा बंद ठेवावा, कितीही उकडले तरी.

आकडेमोडीचा सराव लॉग टेबलवर करावा, बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही. तांब्याचे उत्तर 0.385 ऐवजी 0.47 आले, तर सूत्र तपासण्याआधी तुकड्यांना ग्रॅमभर पाणी चिकटले होते का, ते पाहावे.