लायब्ररीच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये पुस्तक शोधायचं कसं

बऱ्याच लायब्रऱ्यांनी आता कॅटलॉग ऑनलाइन टाकलाय, तरी लोक अजून काउंटरला फोन करून "अमुक पुस्तक आहे का हो" विचारतात, आणि ज्यांनी एकदा शोधून बघितलंय ते म्हणतात तिथे काही सापडतच नाही. सापडतं हो, फक्त ते गुगल नाहीये, तुमचं स्पेलिंग सांभाळून घेत नाही.

लायब्ररीच्या वेबसाइटवर 'ओपॅक' किंवा 'वेब ओपॅक' (म्हणजे हाच ऑनलाइन कॅटलॉग) अशी लिंक शोधा. खूप ठिकाणी मागे कोहा नावाचं सॉफ्टवेअर असतं, ते न्यूझीलंडमधल्या एका लायब्ररीसाठी बनलं, २००० सालापासून वापरात आहे आणि फुकट आहे, म्हणून आपल्याकडेही पसरलं. त्यामुळे एका लायब्ररीचं जमलं की दुसरीकडे फार अडत नाही. नुसतं शोधायला लॉगिन लागत नाही, सभासद नसलात तरी चालतं.

आता खरी गंमत. मराठी पुस्तकांच्या नोंदी काही ठिकाणी देवनागरीत असतात, काही ठिकाणी रोमनमध्ये, आणि काही ठिकाणी दोन्हीची खिचडी, कारण नोंदी वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या माणसांनी भरलेल्या असतात. म्हणून आधी देवनागरीत टाकून बघा, नाही आलं तर रोमनमध्ये. आणि कमी टाइप करा! अख्खं नाव, उपशीर्षक, लेखकाचे इनिशिअल्स सगळं कोंबलं की एक वेलांटी इकडची तिकडे झाली तरी रिझल्ट शून्य. नावातला एखादा वेगळा, ठळक शब्द पुरतो. शिरवाडकर रोमनमध्ये कोणी 'डब्ल्यू'ने लिहितं कोणी 'व्ही'ने, तेव्हा पहिली चार अक्षरं टाकून पुढे फुली म्हणजे * लावा, बहुतेक ठिकाणी चालतं.

टोपणनावांचा घोळ वेगळाच. कविता कुसुमाग्रज नावाने आणि नाटकं वि. वा. शिरवाडकर नावाने, त्यामुळे एकाच नावाने शोधलंत तर अर्धं कपाट दिसणारच नाही, दोन्ही टाकून बघायचं. सर्च बॉक्सशेजारच्या यादीत 'ऑथर' निवडलंत तर रिझल्टमधला कचरा बराच कमी होतो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा ओळख क्रमांक, नव्या पुस्तकांना उत्तम, पण १९७० च्या आधीच्या पुस्तकांवर तो छापलेलाच नसतो.

पुस्तक सापडलं की लगेच रिक्षा पकडू नका, खालचा तक्ता वाचा. 'अव्हेलेबल' असेल तर ठीक, 'चेक्ड आउट' म्हणजे कोणीतरी नेलंय, शेजारी परत यायची तारीख दिसते. 'नॉट फॉर लोन' असेल तर ते सहसा संदर्भ विभागातलं, तिथेच बसून वाचायचं. वर्गांकाचा, म्हणजे पुस्तक फळीवर कुठे आहे ते सांगणाऱ्या आकड्याचा, फोटो काढून ठेवा. जिथे ड्युई पद्धत (विषयाप्रमाणे आकडे देऊन पुस्तकं लावायची) आहे तिथे ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य, त्यापुढे १ आला तर कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी. वर्गांकाजवळ 'ब्राउझ शेल्फ' दिसलं तर नक्की दाबा, फळीवर आजूबाजूला कुठली पुस्तकं आहेत ते दिसतं, मला तर कॅटलॉगमधली सगळ्यात भारी सोय हीच वाटते आणि कोणी वापरत नाही.

काहीच नाही सापडलं तर पुस्तक नाहीच असं समजू नका, जुनी पुस्तकं सगळीकडे अजून पूर्ण चढवलेली नसतात, तेव्हा मात्र देवघेव काउंटरला खुशाल विचारा.

लॉगिन लागतं ते पुस्तक राखून ठेवायला आणि रिन्यू करायला. युजरनेम बहुतेक वेळा तुमचा सभासद क्रमांकच असतो, पासवर्ड काउंटरवर मिळतो. 'प्लेस होल्ड' दाबलं की तुमचा नंबर लागतो, अर्थात काही लायब्रऱ्या हे बटण बंदच ठेवतात. रिन्यू मात्र तारीख उलटायच्या आधी करा, आणि दुसऱ्या कोणी त्याच पुस्तकावर होल्ड लावला असेल तर बहुतेक रिन्यू होत नाही, मग मुकाट्याने नेऊन द्यावं लागतं.